नववीच्या मुलांना गतीचे नियम खेळातून कसे शिकवावेत?

कॅरम बोर्ड काढा, जडत्व (वस्तूची आहे त्याच स्थितीत राहण्याची प्रवृत्ती) आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही त्यावर डोळ्यांना दिसतात. मी शिकवणीत हेच करते. सात-आठ सोंगट्यांची चवड रचून स्ट्रायकर जोरात मारा: तळची सोंगटी निसटते, वरची चवड सरळ खाली बसते. हळू मारलंत तर घर्षणाने अख्खी चवड ढासळते, तेही मुद्दाम दाखवा. मग सोंगटीने सोंगटी समोरासमोर टिपा. वजन सारखं, म्हणून मारणारी जवळजवळ जागीच थांबते. स्ट्रायकर मात्र सोंगटीच्या जवळपास तिप्पट जड (नियमाने कमाल १५ ग्रॅम), तो पुढे सरकतच राहतो. पावडरचं काम मुलंच सांगतात! तिसऱ्या नियमाला (प्रत्येक क्रियेला तितकीच उलट प्रतिक्रिया) मात्र कॅरम तोकडा पडतो. तिथे फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडा.