एन-कॅडहेरिनचे स्फटिक वाढवायचा ट्रे लावण्याआधी

मेंदूच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या या प्रथिनाचा सगळा जीव कॅल्शियममध्ये आहे: पेशीबाहेरच्या 5 डोमेनपैकी (प्रथिनाच्या घडी घातलेल्या भागांपैकी) दर दोन शेजाऱ्यांच्या सांध्यात 3 आयन. म्हणून शेवटच्या बफरमध्ये कॅल्शियम ओढून घेणारं ईडीटीए नको, आणि कॅल्शियमशी क्षार बनवणारं फॉस्फेटही नको; नाहीतर थेंबात चमकणारे स्फटिक क्षाराचेच निघतील.

खरी मेख मात्र एन-टोकाला, म्हणजे प्रथिनाच्या साखळीच्या सुरुवातीला आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) समोरच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो, हीच ती पकड. टॅग (प्रथिन बनवताना पुढे जोडलेला तुकडा) कापल्यावर पुढे ग्लायसिन-सेरिनचं नुसतं शेपूट उरलं तरी ही पकड बिघडते, आणि तू भलतीच रचना सोडवत बसशील. सुमो या छोट्या प्रथिनाचा टॅग वापर, तो कापल्यावर मागे काही उरत नाही. पहिल्या 2 डोमेनचा तुकडा पुरे. मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूचं वस्तुमान मोजून) टोक तपासल्याशिवाय ट्रे लावू नकोस.