हकीमपेटहून युनिटकडे निघताना

प्रिय फ्लाइंग ऑफिसर,

तुझं पत्र मिळालं. हकीमपेटचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण संपलं, उडवायला एमआय-१७ हेलिकॉप्टर मिळालं, हवाई दलातलं पहिलं युनिटही ठरलं. मनापासून अभिनंदन. तू दोन गोष्टी विचारल्यास: नोकरीत पुढे कसं जायचं, आणि जगणं हातून निसटू नये म्हणून काय करायचं. दोन्हींचा हिशेब एकच आहे, म्हणून आधी कॅलेंडर पुढ्यात घे.

तू एएफकॅटमधून, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून आलीस, म्हणून तुझं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे मुदतीची नोकरी, १४ वर्षांचं. २ वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, ६ वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, १३ वर्षांनी विंग कमांडर. परीक्षा, अहवाल आणि वैद्यकीय अटी सांभाळल्या की ही तिन्ही पदं वर्षं मोजून येतात, त्यासाठी कुणाला मागे टाकावं लागत नाही. विंग कमांडर झालीस की जेमतेम वर्षभरात तू गणवेश उतरवणार. पेन्शनला २० वर्षांची सेवा लागते, ती तुझी भरत नाही. मग खांद्यावरच्या पट्ट्यांची चिंता कशाला? मेहनत तिथे घाल जिथे आपोआप काहीच येत नाही: कॅप्टन होणं (हुद्दा नव्हे, हेलिकॉप्टरचा मुख्य वैमानिक होणं), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता), कॅटेगरी (वैमानिकाच्या कौशल्याची श्रेणी), प्रशिक्षकाची पात्रता, लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) आणि पाठीचा कणा. हो, कणाही याच यादीत धर.

पहिली दोन-तीन वर्षं उजव्या सीटवर, सहवैमानिक म्हणून जातील. खरा तोटा इथेच होतो. तासांची बेरीज वाढत जाते, डोकं मात्र कॅप्टनच्या भरवशावर राहतं. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक सॉर्टीच्या, म्हणजे उड्डाणाच्या, आदल्या संध्याकाळी स्वतःला कॅप्टन समजून तयारी कर. उड्डाणाचं वजन, उतरायच्या जागेची उंची, तिथलं अपेक्षित तापमान आणि चार्टवरून निघणारं होव्हरचं (हवेत एका जागी तरंगण्याचं) कमाल वजन, हे चार आकडे आधी स्वतः काढ. उतरताना पॉवर खरोखर किती लागली ते बघ आणि परतल्यावर दोन्ही ताडून पाहा. उदाहरणादाखल लेह घे. धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान उणे ६ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यातल्या दुपारी पारा २५ वर गेला तर फरक ३१ अंशांचा. गरम हवा विरळ असते, म्हणून अंशाला ढोबळमानाने १२० फूट जास्तीचे धरले, तर हेलिकॉप्टरच्या लेखी ती जागा १४,००० फुटांच्याही वर जाते. सकाळी सहज उचललेलं वजन दुपारी का उचललं जात नाही, हे अशा तीस-चाळीस हिशेबांनंतर अंगात मुरतं. असे हिशेब केलेल्या मुलीला कॅप्टन होण्याच्या चाचणीची भीती वाटत नाही, आणि परीक्षकाला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

फ्लाइट इंजिनिअरशी पहिल्या दिवसापासून नीट वाग. त्याचा हुद्दा तुझ्यापेक्षा खालचा असेल, पण त्या मशीनवरची त्याची वर्षं तुझ्या वयाच्या निम्मी असू शकतात. तेलाच्या दाबाचा काटा नेहमीपेक्षा किंचित खाली आहे, हे तो तुझ्या आधी पाहील. तो ते तुला मोकळेपणाने सांगेल की नाही, हे तुझ्या वागण्यावर ठरेल.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगमध्ये व्हाइटवरून ग्रीन आणि ग्रीनवरून मास्टर ग्रीन, तर कॅटेगरीत डीपासून एपर्यंत, अशा पायऱ्या तुला ठाऊक आहेतच. हेलिकॉप्टरवाले रेटिंगकडे दुर्लक्ष करतात, कारण रोजचं काम डोळ्यांनी दिसणाऱ्या हवामानातलं असतं. मग पावसाळ्यात ढगात शिरायची वेळ येते आणि रेटिंगची मुदत तर गेल्या महिन्यातच संपलेली असते. ढगातला प्रत्यक्ष वेळ हिवाळ्याच्या स्वच्छ दिवसांत मिळत नाही. तेव्हा पावसाळ्याचे चार महिने त्यासाठी राखून ठेव आणि युनिटमधली उड्डाणं ठरवणाऱ्या फ्लाइट कमांडरला एप्रिलमध्येच सांगून ठेव.

स्क्वाड्रन लीडर होण्याच्या सुमारास वाटा फुटतात. तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमधून प्रशिक्षक होता येतं. ग्वाल्हेरच्या टॅकडीमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या लढाऊ डावपेचांच्या संस्थेत, हेलिकॉप्टर कॉम्बॅट लीडरचा अभ्यासक्रम आहे. आणि बंगळुरूत एअर फोर्स टेस्ट पायलट्स स्कूल आहे, तिथे गणित आणि अहवाल-लेखन दोन्ही पक्कं लागतं. वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज आणि पुढची निवडीची पदं हा मुख्यतः पर्मनंट कमिशनवाल्यांचा रस्ता, त्यात आत्ता अडकू नकोस. तुझ्या १४ वर्षांत माझं मत प्रशिक्षकाच्या बाजूने आहे, आणि ते ठाम आहे. शिकवताना उड्डाण सुधारतं, पोस्टिंग स्थिर असतं, बहुतेक रात्री घरी झोपता येतं आणि बाहेर पडल्यावरही त्या पात्रतेला मोल राहतं.

वार्षिक अहवालाबद्दल थोडकंच. केलेल्या कामाची नोंद महिन्याच्या महिन्याला ठेव, कारण अहवाल लिहायच्या वेळी तुझ्या वरिष्ठाला शेवटचे दोन महिनेच आठवतात. अॅडज्युटंट (युनिटचा कार्यालयीन कारभार), फ्लाइट सेफ्टी, नॅव्हिगेशन अशी जादा कामं अंगावर येतील. त्यांतलं फ्लाइट सेफ्टी मागून घे. चुका कशा होतात हे तिथे कागदोपत्री दिसतं.

आता शरीर. पायांच्या मधोमध सायक्लिक, डाव्या हाताला कलेक्टिव्ह, असे हेलिकॉप्टर चालवायचे दोन दांडे, त्यामुळे धड पुढे झुकतं आणि जरा डावीकडे वळतं. तासन्‌तास ही बैठक आणि वर सततची कंपनं. कण्याला ४ ते ६ हर्ट्झची कंपनं सर्वांत जास्त झोंबतात. तू ज्यावर शिकलीस त्या चेतकचा मुख्य रोटर मिनिटाला सुमारे ३५३ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला जवळपास ६. पाती एका रेषेत फिरत नसली की फेरीगणिक एक धक्का बसतो, आणि तो नेमका कण्याच्या नाजूक टप्प्यात पडतो. एमआय-१७चा रोटर संथ, सेकंदाला तीनच्या आसपास, पण तिथेही नियम तोच: कंपन नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरच्या दोष-नोंदवहीत लिही. ‘चालतंय’ म्हणून सोडलेलं कंपन यंत्रालाही खातं आणि तुलाही. सीट आणि पेडल प्रत्येक वेळी स्वतःच्या मापाला लाव, आधीच्या माणसाच्या मापावर उडू नकोस. कमरेच्या पोकळीत आधार घे. पोट, नितंब आणि पाठीच्या खोल स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, युनिट कितीही घाईत असलं तरी. नाइट व्हिजन गॉगल्स लावतेस तेव्हा पुढे लटकणाऱ्या वजनाला तोलणारं मागचं वजन नीट बसव, नाहीतर दोन वर्षांत मान बोलू लागते. हेल्मेटच्या आत कानात प्लग घाल. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

पाण्याविषयी कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात, उन्हाळी तळांवर मुतखडे होतात. उड्डाणात मुतखड्याची कळ आली तर वैमानिक क्षणात निकामी होतो, त्यामुळे एका लहानशा खड्यानेही उड्डाण थांबतं. आदल्या रात्री आणि सकाळी लवकर भरपूर पाणी पी, उड्डाणाच्या आधीच्या तासाभरात घोट-घोट घे, उतरल्यावर भरपाई कर. लांबच्या कामगिरीत मधल्या थांब्यावर स्वच्छतागृहाची सोय आहे का, हे ब्रीफिंगमध्ये सरळ विचार. संकोच करू नकोस. इंधनाची सोय विचारतोच ना आपण?

ए-१ जी-१ ही उड्डाणाला पूर्ण तंदुरुस्त असल्याची वैद्यकीय श्रेणी, ती तुझी भाकरी आहे. सर्दी झाली तर दुकानातून गोळी आणून उडू नकोस. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी झापड येते, आणि नाक चोंदलेलं असताना खाली उतरलं की कानाच्या पडद्यावर आणि सायनसवर हवेचा दाब येतो. डॉक्टरला सांगून चार दिवस खाली बसणं स्वस्त. लपवून कान फाटला तर वैद्यकीय बोर्डाच्या निर्णयाने कित्येक आठवडे ए-४ श्रेणीत काढावे लागतात, म्हणजे उड्डाण बंद.

मूल हवं असेल तर तेही याच कॅलेंडरवर लिही. गर्भारपण कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरला सांग आणि उड्डाण थांबव, लपवून एकही सॉर्टी नको. नऊ महिने, मग १८० दिवसांची प्रसूती रजा, मग वैद्यकीय बोर्ड, प्रशिक्षकासोबतची दुहेरी चाचणी, रेटिंगचं नूतनीकरण. सगळं धरून दीड वर्ष जातं. एकूण १४ मधलं दीड वर्ष ही मोठी रक्कम नाही, पण ते कुठे पडतं याला महत्त्व आहे. कॅप्टन होण्याच्या तोंडावर खंड पडला तर पुन्हा उजव्या सीटपासून सुरुवात केल्यासारखं होतं. कॅप्टन होऊन, रेटिंग ताजं करून थांबलीस तर परतणं सोपं जातं. निर्णय तुमचा दोघांचा, मी फक्त हिशेब मांडते आहे.

पगार हातात आला की मोह होतो. मूळ वेतनावर लष्करी सेवा वेतनाचे १५,५०० आणि उड्डाण भत्ता, जो सातव्या वेतन आयोगाने अधिकाऱ्यांसाठी २५,००० ठरवला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचल्यावर चौथ्या हिश्शाने वाढला. हा भत्ता उड्डाणाला बांधलेला आहे. घराचा किंवा गाडीचा हप्ता मूळ वेतनावर बेत, भत्त्यावर नको. भत्ता सरळ डीएसओपी फंडात, म्हणजे अधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीत, आणि दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत जाऊ दे. १४ वर्षांनी ग्रॅच्युइटी मिळते ती दर सहामाहीला अर्ध्या महिन्याच्या दराने, म्हणजे २८ सहामाह्यांचे सुमारे १४ महिन्यांचे पगार. तेव्हा तू पस्तिशी-छत्तिशीत असशील. हवाई दलाच्या गट विम्याशिवाय बाहेरची पॉलिसी घेतलीस तर विमानप्रवासाचं कलम शोधून वाच. ‘तिकीट काढलेला प्रवासी सोडून’ अशा शब्दांत वैमानिकाला वगळलेलं असतं.

बाहेरच्या नोकरीची तयारी दहाव्या वर्षी सुरू कर, तेराव्या नव्हे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमावली, नॅव्हिगेशन, हवामान आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा आहेत, रेडिओ टेलिफोनीचा परवाना वेगळा. जुहूहून मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची असतात आणि काम समुद्रावरचं, म्हणून तिथे दोन इंजिनांचे तास आणि इन्स्ट्रुमेंटचे तास तोलले जातात. इथे लॉगबुक उपयोगी पडतं किंवा दगा देतं. एक इंजिन आणि दोन इंजिनं वेगळी लिही. कॅप्टन, सहवैमानिक, दुहेरी, दिवस, रात्र यांचे रकाने वेगळे ठेव. ढगातला वेळ आणि हुडखालचा (सरावासाठी बाहेरचं दिसणं झाकून उडवलेला) वेळ एकत्र करू नकोस. खाडाखोड झाली तर सही करून घे, महिन्याची बेरीज महिन्यातच फ्लाइट कमांडरकडून प्रमाणित करून घे. सही करणारा बदलून गेला की दोन वर्षांपूर्वीचे तास सिद्ध करणं जिकिरीचं होतं. लॉगबुकचे फोटो मोबाइलवर काढू नकोस, त्यात सैनिकी माहिती असते. प्रमाणित उतारा रीतसर माग.

घराबद्दल. उधमपूर, मोहनबारी, बराकपूर, सुलूर, अशा ठिकाणी दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलेल. पुण्याजवळ यायचं म्हणून उड्डाण नसलेली खुर्ची पहिल्या सहा वर्षांत मागू नकोस. लोहगाव मुख्यतः सुखोईंचं, नागपूरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. तिथे तुला पोळ्या मिळतील, तास मिळणार नाहीत. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि २० दिवसांची किरकोळ रजा कागदावर आहे. न मागणाऱ्याची त्यातली बरीच बुडते. जानेवारीत तारखा टाकून अर्ज दे, मोठा सराव आणि पावसाळा सोडून.

डिसेंबरात लग्न ठरतंय असं लिहिलंस. आधी मोठं कोरं कॅलेंडर विकत घे, १४ वर्षांचं, हाताने आखलेलं चालेल. त्यावर तुझ्या पदांच्या, रेटिंगच्या, अभ्यासक्रमाच्या तारखा लाल शाईने लिही आणि त्याच्या नोकरीच्या, बदलीच्या, आईवडिलांच्या आजारपणाच्या शक्यता त्याला निळ्या शाईने लिहू दे. दोन रंग एकाच महिन्यात आले की तिथे गोल काढा. रजेवर आलीस की दोघं मिळून ते घेऊन या, गोल काढलेले महिने आपण एकेक करून बघू.

कळावे,
तुझी मावशी