टेबलात २८, लाइटवर २२ : टायमिंगचे सहा अंश कुठे गेले?

तुमचा सेटअप असा : जिप्सी किंगचं १६ व्हॉल्व्हचं १.३ इंजिन, पुलीवर ३६-१ ट्रिगर व्हील (३६ दातांचं, त्यातला एक गाळलेला), ते दात टिपणारा व्हीआर म्हणजे चुंबकीय सेन्सर, वेस्टेड स्पार्क कॉइल (एकाच वेळी दोन प्लगना ठिणगी देणारी) आणि स्पीडुइनो इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. हेड घासलेलं आहे आणि कॅमही बदललाय. १००० आरपीएमला इसीयूचं ठिणगीचं टेबल आणि टायमिंग लाइट (ठिणगीसोबत चमकून पुलीची खूण दाखवणारा दिवा) दोन्हीकडे १० अंश ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर) पोचण्याच्या इतके अंश आधी ठिणगी. ४००० ला मात्र टेबलात २८ आणि लाइटवर २२. प्रश्न असा की टेबलात ६ अंश वाढवून टाकू का?

अजिबात नको. खोट लाइटची निघाली तर इंजिनला प्रत्यक्षात ३४ अंश मिळतील. लोड नसताना काही कळणार नाही, पण चढावर फुल थ्रॉटल दिलात की नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) सुरू. मोठ्या एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. कळतं तेव्हा पिस्टनच्या रिंग लँडचे (रिंगांमधल्या कडांचे) तुकडे झालेले असतात.

आधी फिक्स्ड टायमिंग १० अंशांवर लॉक करा आणि १०००, २५००, ४००० ला लाइट मारा. खूण तिन्ही ठिकाणी १० वरच राहिली तर ट्रिगर ठीक आहे. मग गडबड एकतर लाइटच्या डायलमध्ये (अंश लावायच्या चकतीत) आहे, नाहीतर कूलंट किंवा इनटेक एअरच्या तापमानाचं करेक्शन टेबलातून अंश कापतंय. लॉगमध्ये टेबलाचा आकडा नव्हे, शेवटी दिलेला ॲडव्हान्स बघा. बरेच जण इथेच फसतात.

डायलवर माझा भरवसा कमी. वेस्टेड स्पार्कमध्ये प्लग दर फेरीला पेटतो आणि साधी लाइट दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरते, त्यामुळे डायल दुप्पट आकडा दाखवतो. तुमच्याकडे ५६ आलेले नाहीत, म्हणजे ही भानगड नाही. पण स्वस्त लाइटचा डायल जास्त आरपीएमला तसाही सरकतो. त्यापेक्षा डायल शून्यावर ठेवा आणि पुलीवरच अंश आखा. व्यास गुणिले ३.१४१६ भागिले ३६०. १४० मिमीच्या पुलीवर १ अंश म्हणजे १.२२ मिमी, १० अंश म्हणजे १२.२ मिमी. कागदाची पट्टी आखून ४० अंशांपर्यंत चिकटवा, वर पारदर्शक टेप मारा.

पट्टीचं शून्य मात्र खऱ्या टीडीसीवर हवं. रबराच्या जोडाची पुली असेल तर बाहेरची कडी घसरलेली असू शकते, तेव्हा कंपनीच्या खुणेवर विसंबू नका. जुन्या १४ मिमी प्लगच्या बॉडीत बोल्ट बसवून पिस्टन स्टॉप करून घ्या. बॅटरी काढा, सगळे प्लग काढा. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा आणि टीडीसीच्या साधारण ३० अंश आधी थांबा. स्टॉप पिस्टनला टेकेपर्यंत आत घ्या, खूण करा. किती आटे गेले ते मोजून स्टॉप काढा, क्रँक टीडीसी ओलांडून ६० अंश पुढे न्या, स्टॉप तितकेच आटे परत बसवा आणि पाना हलक्या हाताने उलटा फिरवा. टेकला की दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये टीडीसी. मध्ये स्टॉप काढायचा तो एवढ्यासाठी की तो आत ठेवला तर दुसऱ्या बाजूने टेकायला क्रँक उलटा जवळजवळ पूर्ण फेरी फिरवावा लागतो आणि तेव्हा उघड्या व्हॉल्व्हची त्याच्याशी गाठ पडू शकते.

आता समजा, १० वर लॉक असूनही ४००० ला खूण ४ वर घसरली. मग हा अंशांचा नाही, वेळेचा उशीर आहे. १००० आरपीएमला क्रँक मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ४००० ला २४. फरक १८ अंशांचा आणि तुमचे गेलेत ६, म्हणजे उशीर ०.३३ मिलिसेकंद. इसीयू आणि कॉइल ड्रायव्हरचा स्वतःचा उशीर इतका नसतो. ५० मायक्रोसेकंद धरले तरी अंशभरसुद्धा जात नाही. लेटन्सीचं (उशीर भरून काढणारं) सेटिंग असलं तरी त्यात ३३० मायक्रोसेकंद टाकून हे झाकायला जाऊ नका.

माझा पहिला संशय व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्याचा. दात जवळ येताना व्होल्टेज वर चढायला हवं, दाताच्या मध्यावर शून्यातून झपकन खाली पडायला हवं आणि मग सावकाश परत यायला हवं. कंडिशनरला (सेन्सरचा सिग्नल इसीयूसाठी साफ करणाऱ्या सर्किटला) ती झपकन पडणारी जागा पाहिजे. वायरी उलट असतील तर त्याला दोन दातांमधली संथ बाजू मिळते. तिथे कड पक्की नसते, सिग्नलची उंची वाढेल तशी ती सरकते आणि गाळलेल्या दातापाशी तर पार पसरते. स्कोपवर हे एका नजरेत दिसतं. स्कोप नसेल तर वायरी अदलाबदल करून पाहा. यात काही जळत नाही, फक्त ट्रिगर अँगल साधारण अर्ध्या दाताने, म्हणजे ५ अंशांनी हलेल. तो १००० आरपीएमला नव्याने जुळवायचा.

तरीही घसरत असेल तर सेन्सरचं ब्रॅकेट बघा. पातळ पत्र्याचं असेल तर ते थरथरतं, पण त्यात खूण एका दिशेने जाण्यापेक्षा नाचते जास्त. ५ मिमी जाड पट्टी आणि दोन बोल्ट तरी हवेत. गॅप फीलर गेजने ०.७५ ते १ मिमी, तोही चाक हाताने फिरवत चार ठिकाणी मोजा. सेन्सरच्या केबलची शील्ड फक्त इसीयूच्या टोकाला अर्थ करा.

हेड घासल्याचा आणि कॅम बदलल्याचा इथे संबंध नाही. ट्रिगर क्रँकवर आहे. तो कॅमवर किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये असता तर बेल्टच्या ढिलाईसकट सगळं तपासावं लागलं असतं.

ज्यांची खूण उलट दिशेला, म्हणजे ॲडव्हान्सकडे पळते आणि कॉइल हात लावू देणार नाही इतकी तापते, त्यांनी स्पार्क आउटपुटची पोलॅरिटी बघावी. ती उलट असेल तर ठिणगी ड्वेलच्या (कॉइल चार्ज होण्याच्या काळाच्या) सुरुवातीलाच पडते. ३ मिलिसेकंद ड्वेल असेल तर १००० ला १८ अंश लवकर, ४००० ला ७२. असं दिसलं तर इंजिन लगेच बंद करा.

तिन्ही आरपीएमला खूण अंशभराच्या आत आली की फिक्स्ड टायमिंग काढा आणि सेटिंग बर्न करा, म्हणजे इसीयूत कायमचं साठवा. हे काढायचं राहून गेलं तर गाडी १० अंशांवरच चालत राहते, ओढत नाही आणि दोन-चार किलोमीटरच्या चढात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालभडक होतो.