वाचकांचे प्रश्न : दोन दिवे, दोन रंग

प्रश्न : माझ्याकडे पाणवनस्पतींची पाच फूट लांब काचेची टाकी (अक्वेरियम) असून तिच्यावर 150 वॅटचे, 10,000 केल्व्हिनचे (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप), दोन्ही टोकांना पिन असलेले दोन मेटल हॅलाइड दिवे आहेत. प्रत्येकाचा चोक (दिव्यातला प्रवाह आवरणारी कॉइल), इग्निटर (दिवा पेटवायला झटका देणारा भाग) आणि कपॅसिटर स्वतंत्र पेटीत बसवलेला आहे. उजवीकडचा दिवा चौदा महिन्यांनी गेला, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिथे त्याच कंपनीचा, त्याच क्रमांकाचा नवा दिवा बसवला. तेव्हापासून उजवी बाजू निळसर पांढरी आणि डावी बाजू सायीसारखी, किंचित गुलाबी दिसते. टाकीच्या मधोमध दोन्ही रंगांची सीमारेषा आखल्यासारखी वाटते. दुकानदाराच्या सांगण्यावरून डावीकडचा कपॅसिटर बदलला, पण काहीही फरक पडला नाही. आता तो चोक बदलायला सांगतो आहे. बदलावा का? दिवे रोज आठ तास चालतात. पाणी बोअरचे आहे. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तूर्त काहीही विकत घेऊ नये. कपॅसिटर बदलून रंग बदलला नाही यात नवल नाही, कारण आपल्याकडच्या चोक-इग्निटरच्या जोडणीत कपॅसिटर पुरवठ्याला समांतर असतो. तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या प्रवाहापैकी किती कामी येतो याचे माप) सुधारतो आणि मीटरकडून येणारा प्रवाह कमी करतो, मात्र दिव्यातून किती प्रवाह जायचा हे तो ठरवत नाही. ते काम चोकचे आहे. त्यामुळे चोकचा संशय अगदीच निराधार नाही, पण तो संशयितांच्या यादीत बराच खाली येतो.

दिव्याचा रंग कशाने ठरतो हे आधी पाहू. आतल्या बोटाच्या पेराएवढ्या क्वार्ट्झच्या नळीत थोडा पारा, आरगॉन वायू आणि काही धातूंचे आयोडाइड क्षार असतात. दिवा लागताच प्रथम पारा पेटतो, म्हणून सुरुवातीची मिनिटे उजेड निळसर आणि मेलेला वाटतो. नळी तापत जाते तसे क्षार वितळून त्यांची वाफ होते आणि प्रत्येक धातू आपापला रंग त्यात घालतो : सोडियम पिवळा, थॅलियम हिरवा, इंडियम निळा. किती क्षारांची वाफ होणार हे नळीच्या सर्वांत थंड कोपऱ्याच्या तापमानावर अवलंबून असते, आणि तो कोपरा थोडा जरी अधिक तापला किंवा निवला तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते. एकाच खोक्यातले दोन दिवेसुद्धा तंतोतंत सारखे दिसत नाहीत ते यामुळेच.

आता आपल्या प्रकरणातला हिशेब. नव्या दिव्याचा रंग स्थिरावायला साधारण 100 तास लागतात. आपला उजवा दिवा आठ तासांप्रमाणे 21 दिवसांत 168 तास चालला आहे, म्हणजे ‘नवा आहे, बसेल हळूहळू’ ही सबब आता चालणार नाही. डावा दिवा मात्र चौदा महिन्यांत 3,400 तासांच्या आसपास चालला असणार. इतक्या वापरात सोडियमसारखे धातू नळीतून हळूहळू कमी होतात, काही क्षार क्वार्ट्झशीच अभिक्रिया करतात आणि टोकांजवळ काळपट छटा धरते. दिवा लागतो, पाहणाऱ्याला उजेडही पुरेसा वाटतो, पण रंग सरकलेला असतो. तो कोणत्या बाजूला सरकेल हे आतल्या मिश्रणावर अवलंबून आहे. म्हणून माझा पहिला संशय डाव्या, म्हणजे जुन्या दिव्यावर आहे. नवा दिवा आल्यामुळे जुन्याचे वय उघडे पडले, इतकेच.

तरीही खात्री करून घ्यावी, आणि ती फुकट होते. दोन्ही दिवे बंद करून प्लग काढावेत आणि अर्धा तास निवू द्यावेत. मग सुती हातमोजे घालून किंवा स्वच्छ कपड्यात धरून दिव्यांची अदलाबदल करावी. क्वार्ट्झवर बोटाचा घाम लागला तर त्या जागी काच पुढे पांढरी पडते, म्हणून चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसावे. फिटिंगची काच परत बसवल्याशिवाय दिवा लावू नये. या प्रकारच्या दिव्यावर जाड बाह्य कवच नसते आणि अतिनील किरणे अडवण्याची भिस्त त्या काचेवर असते, त्यामुळे ‘फक्त दोन मिनिटे बघतो’ म्हणून ती काढून ठेवणे डोळ्यांना आणि वनस्पतींनाही महागात पडते. दिवे लागल्यावर पंधरा मिनिटे थांबून दोन्हींखाली एकेक पांढरी बशी धरावी. पाण्यात बघून रंग ठरवू नये, कारण हिरव्या पानांच्या शेजारी डोळा फसतो.

गुलाबी छटा दिव्याबरोबर उजवीकडे गेली, तर दोष दिव्याचा. अशा वेळी एकच दिवा बदलण्यापेक्षा दोन्ही एकाच वेळी, शक्य तर एकाच खेपेतले घेणे बरे, आणि पुढेही जोडीनेच बदलावेत. हे दिवे आता दुकानांत पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत, म्हणून जोडी एकदम घेण्याला हेही एक कारण आहे.

छटा डावीकडेच राहिली, तर दोष जागेचा. तरीही थेट चोककडे जाऊ नये. बोअरच्या पाण्याचे शिंतोडे उडून फिटिंगच्या काचेवर पांढरट थर धरतो, आणि तापलेल्या काचेवर तो इतका चिकटतो की ओल्या फडक्याने जात नाही. काच काढून, थंड झाल्यावर व्हिनेगरमध्ये भिजवून पाहावी. मला तर अशी एक फिटिंग आठवते जिची एक काच फुटल्यावर मालकाने काच कापणाऱ्याकडून साधी, हिरवट कडेची काच बसवून घेतली होती आणि मग महिनाभर तो दिव्याला दोष देत होता. रिफ्लेक्टर निस्तेज झाला असेल तर तेही इथेच दिसेल.

एवढे करूनही फरक राहिला तरच चोकची पेटी उघडायची, आणि तीही इलेक्ट्रिशियनकडून. बऱ्याच चोकवर 220 आणि 240 व्होल्टची वेगवेगळी टोके असतात. एका पेटीत तार 220 वर आणि दुसरीत 240 वर जोडलेली असेल, तर एकाच पुरवठ्यावर पहिला दिवा अधिक आणि दुसरा कमी शक्तीवर चालतो. पहिल्याचा थंड कोपरा जास्त तापतो, आणि रंग निराळे होतात. टोके सारखी असल्यास क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून घ्यावा. 150 वॅटच्या दिव्यासाठी तो 1.8 अँपिअरच्या जवळ हवा. मात्र मोजायचा तो कपॅसिटरचा फाटा फुटल्यानंतर चोककडे जाणाऱ्या तारेवर आणि दिवा पूर्ण पेटल्यावर. प्लगजवळ मोजल्यास कपॅसिटरमुळे 0.8 च्या आसपास आकडा दिसेल आणि चांगला चोक उगाच भंगारात जाईल. दिव्याकडे जाणाऱ्या तारेला मीटर लावू नये, कारण इग्निटरचा झटका काही हजार व्होल्टचा असतो.

प्रश्न : माझा एकच 250 वॅटचा दिवा आहे. रात्री अकरानंतर सुंदर पांढरा दिसतो, पण संध्याकाळी सात ते दहा हिरवट-निळसर आणि मंद असतो. कधी मध्येच विझतो आणि पंधरा मिनिटे लागत नाही. दिवा बाद झाला का? – एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : घड्याळ पाहून आजारी पडणारा दिवा बहुधा निरोगी असतो. संध्याकाळी गावाचा भार वाढतो आणि व्होल्टेज पडते. साध्या चोकवर व्होल्टेज पाच टक्के उतरले की दिव्याची शक्ती सुमारे दहा टक्के उतरते. मग क्षारांची वाफ कमी होते आणि पाऱ्याचा निळा-हिरवा रंग वरचढ होतो. सात वाजता आणि अकरा वाजता मल्टिमीटरने सॉकेटवर व्होल्टेज मोजून दोन आकडे शेजारी लिहावेत. फरक वीस-पंचवीस व्होल्टचा निघाला, तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा किंवा चोकच्या जागी बसणारा, दिव्याची शक्ती स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट घ्यावा. विझून पुन्हा न लागणे हा बिघाड नव्हे. तापलेल्या नळीतला दाब उतरेपर्यंत इग्निटर ठिणगी पाडू शकत नाही.

बॅलास्ट घेतलाच तर दिव्याच्या खोक्यावरचा प्रवाह वाचून घ्यावा. 250 वॅटचे काही मेटल हॅलाइड दिवे 3 अँपिअरचे, तर काही 2.1 अँपिअरचे असतात, आणि ‘250 वॅटचा द्या’ एवढेच सांगितल्यास दुकानदार हाताला येईल तो देतो.

प्रश्न : दिवा एकच, पण टाकीची डावी बाजू पिवळसर आणि उजवी निळसर. असे कसे? – एक वाचक, सांगली

उत्तर : फिटिंग टांगलेल्या दोन्ही साखळ्यांच्या कड्या मोजाव्यात. दिवा तिरपा असेल तर वितळलेले क्षार खालच्या टोकाला साचतात आणि नळीच्या दोन टोकांचा उजेड वेगळा पडतो. लेव्हलची नळी लावून फिटिंग आडवी करावी, आणि रंग लगेच न बदलल्यास दिवा निववून पुन्हा लावून पाहावा.