पट्ट्यासाठी चामड्याचा कोणता भाग घ्यावा आणि तो दुकानात कसा ओळखावा?

कमरेचा आणि खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा घरी करायचा असेल, तर दुकानदार सांगतो त्या साइड, बेंड, शोल्डर आणि बेली यांपैकी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. बेंड मागावा, तो न मिळाल्यास साइड घ्यावी.

ही नावे जनावराच्या अंगावरूनच आली आहेत. सबंध कातडे कण्याच्या रेषेवर चिरले की दोन साइड होतात, आणि एका साइडमधून मानेकडचा खांदा व खालचे पोट काढून टाकले की पाठीचा आणि पुठ्ठ्याचा जो साधारण आयताकृती तुकडा उरतो, तो बेंड. येथील तंतू सर्वांत दाट असल्यामुळे हे चामडे ताणले तरी फारसे वाढत नाही. माझा पहिला कमरपट्टा मी स्वस्त म्हणून पोटाच्या तुकड्यातून कापला होता; तीन-चार महिन्यांत तो दोन भोकांइतका लांबला आणि भोकेही लांबट झाली.

साइड टेबलावर पसरली की तिची एक कड जवळजवळ सरळ दिसते, ती कण्याची. समोरची वेडीवाकडी, पायांचे कोपरे बाहेर आलेली कड पोटाची. सुटा तुकडा मात्र हातानेच पारखावा लागतो. गुळगुळीत बाजू आत ठेवून तो दुमडावा: पाठीच्या चामड्यावर बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडतात, तर पोटाच्या चामड्याचा वरचा थर सुटल्यासारखा होऊन जाड, नळीसारख्या वळ्या उठतात. मग उलटी बाजू पाहावी. पोटाकडे तंतू मोकळे आणि लवदार असतात. खांद्यावर मानेच्या आडव्या रेषा असतात व त्या कमावल्यानंतरही जात नाहीत. काहींना त्या आवडतात, आणि हलक्या पिशवीला असा पट्टा चालतोही.

कापलेली कड न पाहता पैसे देऊ नयेत. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी असते, तर क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, आत बहुधा निळसर-करडे दिसते, अधिक मऊ असते आणि ताणही अधिक घेते. कडेवर तंतूंच्या थरावर वेगळी, प्लास्टिकसारखी पातळ पापुद्री चढवलेली दिसली, तर तो बहुधा खालच्या थराचा, रंगवून विकलेला माल असतो. पट्ट्यासाठी तो घेऊ नये. एकेरी कमरपट्ट्याला साडेतीन ते चार मिलिमीटर जाडी पुरते.

कापताना आधी लोखंडी पट्टी लावून कण्याकडची कड रापीने, म्हणजे चामडे कापायच्या सुरीने, सरळ करावी आणि सर्व पट्टे तिला समांतर काढावेत, कारण कण्याला आडवा काढलेला पट्टा अधिक ताणतो. बेंडची लांबी साधारण चार ते साडेचार फूट असते. ३६ इंची कमरेला बकलची घडी आणि शेपूट, म्हणजे पट्ट्याचे भोकांकडचे टोक, धरून सुमारे चार फूट लागतात, म्हणजे कमरपट्टा त्यात बसतो. पिशवीचा अखंड लांब पट्टा हवा असेल, तर साइड घेऊन तो कण्यालगतच काढावा.