नऊच का?

प्रश्न : पोलिसांना तातडीने बोलावण्यासाठी ब्रिटनमध्ये ९९९, न्यूझीलंडमध्ये १११, अमेरिकेत ९११ असे निरनिराळे क्रमांक आहेत. ते ठरवताना काही विचार झाला होता, की सुचेल तो आकडा घेतला?

उत्तर : विचार झाला होता, पण तो पोलिसांपेक्षा टेलिफोनच्या तबकडीचा अधिक होता. पूर्वी लंडनच्या पोलीस मुख्यालयासाठी ‘व्हाइटहॉल १२१२’ हा क्रमांक (व्हाइटहॉल हे एक्स्चेंजचे नाव) लक्षात ठेवावा लागे, नाहीतर शून्य फिरवून एक्स्चेंजच्या ऑपरेटरला सांगावे लागे. आणि तिच्यासमोर येणाऱ्या कॉलपैकी निकडीचा कोणता, हे तिला कळण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर १९३५मध्ये विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रियांचा मृत्यू झाला, तेव्हा फोन कानाला लावून ताटकळलेल्या शेजाऱ्याने संतापून ‘टाइम्स’ला पत्र लिहिले. पुढे चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे.

तबकडी फिरवून सोडली की परत येताना ती आकड्याइतके विजेचे ठोके तारेवर पाठवी. १११ सर्वांत झटपट फिरला असता, परंतु वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या तरी एकेक ठोका जात असल्यामुळे कोणी फोन न करताच भोंगा वाजला असता. शून्य तर ऑपरेटरचाच होता. नवाचे भोक शून्याला लागून असल्याने अंधारात किंवा धुरातही चाचपडून सापडे, शिवाय सार्वजनिक फोनवर नाणे न टाकता शून्य फिरवण्याची जी सोय होती, ती नवापर्यंत वाढवणे सोपे होते.

न्यूझीलंडची गंमत तर याहून न्यारी. तिथल्या तबकडीवर आकडे उलट्या क्रमाने असत आणि एक फिरवला की नऊ ठोके जात. त्यामुळे १९५८मध्ये मास्टरटन व कार्टरटन येथे १११ सुरू झाला, तेव्हा यंत्राच्या लेखी तो ९९९च होता.

अमेरिकेतील ९११चा पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातील हेलीव्हिल येथे झाला. युरोपने १९९१मध्ये ११२ हा सामाईक क्रमांक ठरवला. ब्रिटनमध्ये आज ९९९ आणि ११२ दोन्ही एकाच ठिकाणी लागतात.

तबकडी गेली, पण कोणी न करताच लागणारे फोन काही गेले नाहीत. बटण पाच वेळा दाबले की आपत्कालीन कॉल लावण्याची सोय अँड्रॉइड फोनमध्ये आली, आणि २०२३मध्ये खिशातूनच लागलेल्या मुक्या कॉलचे प्रमाण इतके वाढले की ब्रिटिश पोलिसांना त्याबद्दल जाहीर आवाहन करावे लागले.