कंटेनर क्लस्टरची स्वयंचलित उभारणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : क्लाउडवरील नेटवर्क, कुबरनेटीस क्लस्टर (कंटेनरमधील ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हरांचा समूह) आणि त्यात चालणारी ॲप्लिकेशन्स हे सगळे एकट्या टेराफॉर्मने, म्हणजे कोडमधून पायाभूत सुविधा उभारणाऱ्या साधनाने, उभारले तर काय बिघडते?

पहिल्या उभारणीत फारसे बिघडत नाही, म्हणूनच अनेक जण त्या मोहात पडतात. मात्र टेराफॉर्म आपण आज्ञा देऊ तेव्हाच स्टेट फाइल (उभारलेल्या गोष्टींची त्याने ठेवलेली नोंद) आणि प्रत्यक्ष स्थिती ताडून पाहते, तर कुबरनेटीसमधील कंट्रोलर (ठरवलेली स्थिती टिकवणारे प्रोग्रॅम) हे जुळवण्याचे काम अखंड करत असतात. एकाच वस्तूवर दोघांचा ताबा ठेवला की ते परस्परांचे बदल पुसू लागतात. त्यामुळे नेटवर्क आणि क्लस्टर टेराफॉर्मकडे, स्वतःच्या सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टिमची मांडणी अँसिबल या साधनाकडे आणि क्लस्टरच्या आतले सर्व काही गिटवरून (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवरून) वाचून क्लस्टर तसेच ठेवणाऱ्या आर्गो सीडी किंवा फ्लक्सकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : टेराफॉर्मचा परवाना बदलल्यामुळे ओपनटोफूकडे, म्हणजे त्यातूनच फुटून निघालेल्या ओपन सोर्स पर्यायाकडे, वळावे का?

टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट 2023 मध्ये ओपन सोर्स परवाना सोडला, तो मुख्यतः स्पर्धक सेवांना रोखण्यासाठी. केवळ स्वतःच्या कामासाठी टेराफॉर्म वापरणाऱ्या संस्थेला त्याची सहसा अडचण होत नाही. तरीही नव्या प्रकल्पासाठी मी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ओपनटोफूच निवडेन, कारण स्टेट फाइलमध्ये पासवर्ड उघडे पडून राहू शकतात आणि ओपनटोफूने 1.7 या आवृत्तीपासून ती फाइल कूटबद्ध करण्याची सोय दिली आहे.

प्रश्न : खर्च वाचवण्यासाठी कंट्रोल प्लेनचे (क्लस्टरचे नियंत्रण करणाऱ्या भागाचे) दोनच नोड, म्हणजे सर्व्हर, ठेवले तर चालतील का?

नाही. या नोडांवर क्लस्टरची स्थिती साठवणाऱ्या एटसीडी या डेटाबेसला प्रत्येक नोंदीसाठी बहुमत लागते आणि दोघांतले बहुमत म्हणजे दोघेही. त्यामुळे कोणताही एक पडला तरी क्लस्टर नवे बदल स्वीकारत नाही. तीन नोड एकाचे, पाच नोड दोघांचे पडणे सोसतात. तेवढा खर्च नसेल, तर एकच नोड आणि एटसीडीचा नियमित बॅकअप बरा.

प्रश्न : रात्री तातडीने केलेली दुरुस्ती आर्गो सीडीने काही क्षणांत पूर्ववत केली. सेल्फ-हील (क्लस्टरमधील थेट बदल आपोआप पूर्ववत करणारी सुविधा) बंद करावे का?

कायमचे बंद करू नये. ती सुविधा मुळात आपणहून चालू करावी लागते, म्हणजे क्लस्टरमध्ये थेट केलेला बदल टिकू नये असे तुमच्याच संघाने कधीतरी ठरवलेले असते. आणीबाणीत त्या एका ॲप्लिकेशनपुरते स्वयंचलित सिंक (क्लस्टर गिटप्रमाणे करणे) थांबवावे, दुरुस्ती करावी आणि तोच बदल गिटमध्ये नोंदवल्यावरच सिंक पुन्हा सुरू करावे. तुम्ही वाढवलेली पॉडची (ॲप्लिकेशनच्या चालू प्रतींची) संख्याच पुन्हा खाली आली असेल, तर दुखणे वेगळे असू शकते : मॅनिफेस्टमध्ये (गिटमधील मांडणीच्या फाइलमध्ये) रेप्लिकांचा, म्हणजे पॉडच्या संख्येचा, आकडा लिहिलेला असताना भारानुसार पॉड कमी-जास्त करणारा ऑटोस्केलरही तोच आकडा बदलत असला, तर रस्सीखेच अटळ आहे. अशा वेळी मॅनिफेस्टमधील ती ओळच काढून टाकावी. मात्र ती काढताना पॉडची संख्या क्षणभर एकावर येऊ शकते, म्हणून हा बदल गर्दीच्या वेळी करू नये.